घोळ हिरवी, हरळी पिवळी

माह्या नावावर आयुष्यात एकच जमीन लागली. आदिलाबादच्या घरापुढची, वीस फूट बाय पंधरा. खुशाल, माहा पोरगा, मास्तर झाला, त्यानं घर बांधलं आन पुढचा तुकडा माह्या नावानं केला. चाळीस वर्षं बेल्याच्या शिवारात लोकायच्या कापसातलं गवत निंदलं म्या, आन सोताच्या दारात लावलं काय? तर हरळीचं लॉन. सून प्रीती हसली होती. हसू दे. माही जमीन हाय, मी गवतात बसून चहा पीन.

या लॉनले पिवळे डाग पडले. आधी दोन, मंग आठ दिवसात चांगला पट्टाच. म्या काई इचार केला नाई, सरळ शेजारच्या चारुशीलाबाईच्या फाटकात जाऊन उभी राह्यली. त्यायचा मोती कुत्रा आमच्या दारात येते. "तुमचं कुत्रं माह्या गवतात मुतून राह्यलं, बांधून ठेवा त्याले," असं साऱ्या गल्लीले आयकू जाईन असं बोलली. बाई बँकेतून रिटायर झालेल्या, शांत सोभावाच्या. मान खाली घालून आत गेल्या. मोती बांधल्या गेला, तरी डाग वाढतच राह्यले.

शेवटी खुशाल म्हणे, "माय, आइतवारी मिस्त्री येऊन राह्यला. फरशी बसवून टाकू, कटकटच नको."

"माह्या छातीवर बसव फरशी," म्या म्हणलं. "आइतवारपर्यंत मले पाहू दे."

मंगळवारी सकाळीच खुरपं घेऊन बसली. पिवळा पुंजका ओढून पायला. हुमणी अळीनं मुळं खाल्ली असती तर गवत सतरंजीवानी हातात आलं असतं. नाई आलं. माती उकरली, तर ओल होती. मंग जे इतके दिवस डोळ्यापुढं होतं तेच दिसलं. मेल्या हरळीत रुंद पानाची घोळ पसरली होती. हिरवीगार, भाजी करावी अशी. कुत्र्याच्या मुतानं जळलं असतं तर घोळ काऊन वाचली असती?

असं रान म्या पायलेलं हाय. कापसात मारायचं एक तणनाशक असंच करते. गवत तेवढं मारते, रुंद पानाच्याले काई करत नाई. ते शिवारात आलं आन आमा बायांची निंदणी गेली. ते इथं कोणं आणलं? उठून पट्टा पायानं मोजला. नळापासून फाटकापर्यंत गेलेला, पंपाच्या फवाऱ्याएवढाच रुंद.

म्याच आणलं होतं. डाग पडायच्या आधी भाऊ देवानंदचा पाठीवरचा फवारणीचा पंप बेल्याहून आणून त्याच पंपानं म्या युरियाचं पाणी मारलं होतं. शेतात पंप गडी धरत, आमी बाया नुसतं पाणी आणून देत. पंपात आधीचं औषध राह्यते, तो धुवा लागते हे मले मालूम नव्हतं, आन म्या कोणाले इचारलंही नाई. लई लाज वाटली.

त्याच दिवशी पट्ट्यावरची दोन बोटं माती खरडून टोपल्यानं बाहेर टाकली. नवी माती, शेणखत आणलं, पाणी सोडलं. आन मूठभर ज्वारी पेरली.

प्रीती म्हणे, "आई, लॉनमधे ज्वारी?"

"ज्वारी गवताच्याच जातीची. औषध राह्यलं असन तर पिवळी पडून मरन. ती जगली त हरळीही जगन."

रोज सकाळी चहाच्या आधी मातीकडं पाहो. आइतवारी मिस्त्री आला तवा ज्वारी दोन बोटं वर होती, एकही पान पिवळं नाई. खुशालनं खाली बसून पायलं, मिस्त्रीले चहा पाजला आन वापस पाठवलं.

आता एक काम राह्यलं होतं, आन ते जिवावर आलं होतं. चारुशीलाबाईच्या फाटकात गेली. भांडली होती त्याच आवाजात बोलली, "बाई, तुमच्या मोतीनं काई केलं नाई. गवत म्या मारलं, माह्याच हातानं. माही चुकी झाली."

बाईनं मोतीची साखळी सोडली. तो सुटला तो सरळ माह्या ज्वारीत, आन तिथं तंगडी वर केली.

"अगंबाई, विठाबाई," म्हणत त्या त्याच्यामागं धावल्या.

म्या नळाखालची बादली उचलली, मुतलेल्या जागी सारं पाणी ओतलं.

"येऊ द्या त्याले," म्या म्हणलं. "आन तुमीही या चहाले."