फाल्गुनातला रिकामा माळ

मित्रांनो, जुन्या वस्तूने आपली कहाणी सांगायची तर आधी थोडे कण्हावे, असा संकेत आहे. मी कण्हणार नाही. मी उपग्रहाने टिपलेले एक चित्र आहे, माण तालुक्यातल्या एका माळाचे. आणि मला राग आला आहे.

फाल्गुनातल्या एका सकाळी, शेकडो किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या एका खासगी उपग्रहाने मला टिपले. त्याला माण तालुक्याशी वैर नव्हते, प्रेमही नव्हते. जो गिऱ्हाईक होईल त्याच्यासाठी तो पाहतो. माझा एकेक ठिपका म्हणजे जमिनीचा हातभर चौकोन. माझी भावंडे मोठी कर्तबगार आहेत. काहींवरून सैन्य सीमेपलीकडच्या धावपट्ट्या न्याहाळते. काहींवरून साखर कारखाने कृष्णाकाठच्या उसाचा अंदाज बांधतात. सांगलीत पूर आला तेव्हा आकाश ढगांनी गच्च होते, तरी रडारने टिपलेल्या एका भावंडाने पाणी कोणत्या गल्लीत शिरले ते दाखवले आणि तिथे होड्या गेल्या. त्या घराण्यात जन्मल्याचा मलाही अभिमान होता.

मिरजेत विश्वजित नावाच्या गृहस्थांचे कार्यालय आहे. सौरऊर्जेच्या एका कंपनीला मोकळी जमीन शोधून देण्याचे काम त्यांनी घेतले, आणि त्यासाठी मला मागवले. उत्कर्षा नावाची मुलगी तिथे नोकरीला होती. माझ्यावर रंग भरणे हे तिचे काम. पीक हिरवे, पाणी निळे, वस्ती लाल. आणि जिथे काहीच नाही तिथे राखाडी, म्हणजे ‘पडीक, वापर नाही’. माळाशी आल्यावर तिचा हात थांबला.

“सर, इथं मेंढरांच्या वाटा दिसतायत. मेंढरं कोंडायच्या दगडी वाड्यांची वर्तुळं आहेत. पडीक कसं म्हणायचं? पावसाळ्यातलं एक चित्र मागवू या.”

“पावसाळ्यातली सगळी ढगाळ असतात. आता ढग विकत घ्यायचे का आपण?”

“मग रडारचं मागवू. पुराच्या वेळी मागवलं होतंच की.”

“अगं, तेव्हा शहर बुडत होतं. इथं काय बुडतंय?”

उत्कर्षाने राखाडी भरला. मात्र माझ्या खालच्या पट्टीत तिने तारीख घातली आणि एक वाक्य लिहिले: ‘हंगामी वापर तपासलेला नाही.’ ते पुरेसे नव्हते. नोकरी करणाऱ्याला जेवढे धैर्य परवडते तेवढे मात्र होते.

आता त्या हंगामाविषयी. दिवाळी झाली की माळालगतच्या वाडीतले धनगर घोड्यांवर बिऱ्हाड लादून मेंढरांसह पश्चिमेला उतरतात. वाळव्याकडच्या काळ्या रानात ऊस तुटला की शेतकरी लेंडीखतासाठी मेंढरे शेतात बसवून घेतात. जेठात पाऊस लागला की त्याच रानाचा चिखल होतो, आणि चिखलात मेंढराची खुरे कुजतात. म्हणून सारे माघारी या कोरड्या, खडकाळ माळावर येतात. इथे थोडक्या पावसावर गवत उगवते आणि खुरे शाबूत राहतात. पावसाळाभर हा माळ म्हणजे त्यांचे घर. आणि नेमक्या त्याच महिन्यांतली चित्रे ढगाळ म्हणून आमच्या व्यवसायात टाकून देतात. माण ज्या दिवसांत जिवंत असतो, त्या दिवसांत त्याच्याकडे पाहायचे नाही, असा हा शास्त्रशुद्ध नियम आहे.

आपल्याकडच्या मीमांसकांनी ‘न दिसणे’ हेसुद्धा एक प्रमाण मानले. पण अट घातली, की वस्तू असती तर ती दिसलीच असती अशी स्थिती हवी. अंधारात घागर दिसली नाही म्हणून घरात घागर नाही, असे म्हणता येत नाही. हे ज्यांना कळत होते त्यांच्यापाशी उपग्रह नव्हता. ज्यांच्यापाशी आहे त्यांना अटीची आठवण राहिलेली नाही.

माळ कंपनीला देण्याचा ठराव वाडीच्या ग्रामसभेपुढे यायचा होता. त्या सभेसाठी माझा भव्य फ्लेक्स छापायचे ठरले. फ्लेक्स म्हटला की वरती पाहुण्यांचे हसरे चेहरे हवेत, कडेला स्वागतोत्सुक मंडळी हवीत. जागा पुरेना, तेव्हा माझी खालची पट्टी कापली गेली. तारीख होती तोवर मी पुरावा होते. तारीख गेली आणि मी अफवा झाले, तीही रंगीत, दहा फुटी अफवा.

सभा चैत्रात, अगदी नियमाला धरून भरली. म्हणजे ज्यांचा माळ ते सगळे वाळव्याकडे असताना. गुडघ्यांमुळे मागे राहिलेली धोंडुबाई मात्र काठी टेकत आली आणि माझ्यापुढे उभी राहिली.

“ही आमची वाडी व्हय? मग मान्सं कुटं हायती ह्यात?”

“आजी, जमीन मोकळी आहे, एवढंच यात बघायचं,” विश्वजित म्हणाले.

“मोकळी? आवं सायेब, तुमी घराला कुलूप लावून हापिसात जाता. मग म्या तुमच्या घरात यिऊन चूल मांडू व्हय?”

सभा हसली. विश्वजितही हसले. सरपंच बाळासो म्हणाले, “आजे, पोरांला नोकऱ्या लागत्याल. बस खाली.”

“माजा ल्योक अर्जुना जेठात मेंढरं घिऊन ईल, तवा ती कुटं न्यायची? तुज्या माडीवर?”

पुन्हा हशा झाला. मग हात वर झाले आणि ठराव मंजूर झाला. मी वाऱ्यावर फडफडत होते. लोकांना ते टाळ्यांसारखे वाटले असावे.

जेठात धोंडुबाईचा अर्जुना कळप घेऊन आला, तेव्हा माळाभोवती तारेचे कुंपण होते आणि फाटकावर रखवालदार बसला होता.

“आरं, दिवाळीला हितनंच गेलोय की आमी! आज्यापास्नंचा वाडा हाय त्यो.”

“मला कशाला सांगतोस, गड्या? फोटूत न्हाईस तू.”

मित्रांनो, हे वाक्य माझ्या जोरावर बोलले गेले. मेंढरे तारेला तोंडे लावून दोन दिवस उभी राहिली. तिसऱ्या दिवशी अर्जुनाने कळप पुन्हा पश्चिमेला वळवला, भर पावसात, त्याच काळ्या रानाकडे. आधी कोकरे बसली. बसलेली कोकरे उठली नाहीत.

त्या श्रावणात कंपनीने पावसाळ्यातले चित्र मागवले. होय, रडारचेच. कुंपण शाबूत आहे का, हे पाहायचे होते. त्या कामाला ढग आडवे आले नाहीत. चित्रात वाडे मोडलेले होते आणि वाटांवर खांब उभे होते. विश्वजितांनी ते माझ्या कार्यालयातल्या प्रतीशेजारी ठेवले आणि अहवालासाठी वाक्य सांगितले: ‘जमीन वापरात नसल्याचा आमचा निष्कर्ष अचूक ठरला.’ उत्कर्षाने ते लिहायला नकार दिला. ते दुसऱ्या कोणी लिहिले. अशा वाक्यांना हात नेहमीच मिळतात.

आता मी ग्रामपंचायतीच्या मागे भिंतीला टेकून पडले आहे. मला पुसा, जपा, असे मी म्हणणार नाही. धुळीत माझे काही बिघडत नाही. मागणी एकच आहे. माझ्यासारखे चित्र दाखवून कोणी ‘इथे काही नाही’ म्हणाला, तर त्याला विचारा: तू कोणत्या महिन्यात पाहिलेस, आणि कोणत्या महिन्यांत पाहिले नाहीस? उत्तर मिळेपर्यंत हात वर करू नका. उद्या तुमच्यातलीच काही मुले अशा कार्यालयांत बसतील आणि राखाडी रंग तुमच्या हाती येईल. तो भरण्याआधी एसटी पकडा आणि त्या जागी जा. तिथे कोणी भेटले नाही, तर परत येऊ नका. ती माणसे कुठे गेली आहेत ते शोधा. अर्जुना या घटकेला वारणाकाठच्या चिखलात, मेंढराचे कुजलेले खूर हातात धरून बसला आहे.