तृप्तीची बासरी डावीकडे

आमच्या सुषिर मंडळात बासरीवाले आहेत, सनईवाले आहेत आणि क्लॅरिनेटवाली मी एकटी. सचिवही मीच, कारण भांडायला दुसरं कुणी तयार नसतं. नाशिक रोडच्या एका गॅरेजमध्ये जमणारी आम्ही चार टाळकी, आता पिंपळगाव बसवंतला शाखा काढायला निघालो होतो. तिथे बासरी शिकवायला कुणीतरी हवं होतं आणि तृप्तीला ते काम मनापासून हवं होतं.

तृप्ती आमची सगळ्यात तयार विद्यार्थिनी, पण डावखुरी. ती बासरी डावीकडे धरते. शेजाऱ्याला लागू नये म्हणून रांगेत बिचारी कायम टोकाला.

"वाजवते सुरेख, प्रश्नच नाही," आमचे बासरीचे शिक्षक किशोरराव म्हणाले. "पण हिचं बघून सगळी पोरं डावीकडे धरतील."

मला रागच आला. या माणसाचं अर्धं आयुष्य नव्या मुलांच्या बासऱ्या वळवण्यात गेलंय. दर तुकडीला त्यांचं "उजवीकडे रे, उजवीकडे!" पार रस्त्यापर्यंत ऐकू येतं.

"महिनाभर वर्ग देऊ तिला," मी ठणकावलं. "मग जाऊन बघू. पोरं चुकीची धरत असतील तर दुसरं कुणी शोधू."

"चालेल," तृप्ती म्हणाली.

महिन्याने आम्ही गेलो. द्राक्षांचा हंगाम संपून रिकाम्या पडलेल्या पॅकहाऊसमध्ये वर्ग भरला होता. किशोरराव दारातच थबकले. एकूण एक बासरी उजवीकडे!

"तू वळवल्यास?"

"नाही सर. फक्त समोर बसवलं. लहान मुलं आरशात बघितल्यासारखं करतात ना. माझी डावीकडे, म्हणून त्यांची उजवीकडे."

"म्हणजे इतकी वर्षं माझी पोरं..." किशोररावांनी आपली बासरी काढून ओठांशी उजवीकडे धरून बघितली. मला हसू आवरेना.

तेवढ्यात एक चिमुरडी धावत आली. "लय उशीर झाला!" म्हणत नेमकी किशोररावांपुढे बसली, त्यांच्या हातातल्या बासरीकडे बघितलं आणि आपली बासरी डावीकडे धरली. त्यांनी तोंड उघडलं. आता ओरडणार, म्हणून मी कानांवर हात नेले.

"इथे नको, बाळा," ते हळूच म्हणाले. "तृप्ती मॅडमच्या समोर बस."

मॅडम! तृप्तीचे डोळे भरून आले. माझेही आले असते, पण मी सचिव. मी मुकाट्याने क्लॅरिनेट जोडायला घेतलं.