वर आणि खाली

"मॅडम, हो गया. ये देखिए, झेड ड्राइव. अब इसमें जो रखोगी, दोनों स्कूलवाले देखेंगे."

कॉम्प्युटर जोडायला आलेल्या भदौरियाने उठून मला खुर्ची दिली. त्या उन्हाळ्यात आमची कंपू भागातली मराठी शाळा आणि दर्पण कॉलनीतली शाळा एक झाल्या होत्या. फीस एक, हजेरी एक, आणि सगळ्या कॉम्प्युटरांना मिळून एक ड्राइव्ह. मी ऑफिसात कारकून. माझंच जुनं मशीन जोडायचं राहिलं होतं.

"पर मॅडम, 'वर' में तो फीस का हिसाब निकला! मैं समझा, किसी दूल्हे के फोटो होंगे."

मंदाताई खो खो हसल्या. दर्पण कॉलनीतली बालवाडी त्यांची. "अरे भैया, वर मतलब ऊपर! ऊपर की क्लासें."

मलाही हसू आलं. आमच्याकडे माडीवर मोठे वर्ग, खाली बालवाडी. फोल्डरंही मी तशीच दोन केली होती.

"थांबा, आता 'खाली' उघडते," मी म्हटलं. "आमच्या इंदुताईंची गाणी ऐका. तुमच्या मुलांनाही शिकवा."

इंदुताईंनी जन्मभर बालवाडी सांभाळली. गाणी त्या स्वतःच रचायच्या, कागदावर कधी उतरवली नाहीत. आजारपणात आवाज बसायला लागला, तेव्हा मी त्यांना बळंच माइकसमोर बसवलं. "अगं शालिनी, या डब्ब्यात मला कोण ऐकणार?" म्हणाल्या, पण गायल्या. त्या गेल्यावर तो आवाज तेवढा माझ्यापाशी उरला होता. आता तो दोन्ही शाळांत जाणार होता.

ड्राइव्हवर 'खाली' नव्हतं.

"वो तो खाली था ना, मॅडम," भदौरिया म्हणाला. "नाम ही लिखा था. छोड़ दिया. फिर मशीन साफ करके नई विंडोज डाल दी."

मंदाताईंचं हसू विरलं. "खाली मतलब नीचे, भैया," त्या हळूच म्हणाल्या.

बिचारा संध्याकाळपर्यंत खटपट करत राहिला. काही परत आलं नाही. "एक बार पूछ लेता मैं," म्हणाला आणि कपाळावर हात मारून घेतला. त्याच्यावर रागावू तरी कशी? पिढ्यान्‌पिढ्या या गावात राहून आम्ही त्या एका शब्दाचे दोन अर्थ वागवत आलो. समोरच्याला एकच ठाऊक असेल, हे सुचलंच नाही कधी.

"शालिनीताई, परेशान नका होऊ," मंदाताई म्हणाल्या. "तुम्हाला याद असतील ना? तुम्हीच म्हणा."

शब्द पाठ होते. भदौरियाने माइक लावला. मी माझ्या भसाड्या आवाजात सुरू केलं. खारूताई दाल बाजारात जाते, परत येते, आणि तिला विचारायचं, काय गं आणलंस? इथे इंदुताई थांबायच्या. मुलं ओरडून सांगायची, गूळ, छत्री, हत्ती, जे सुचेल ते. मग पुढची ओळ त्याची व्हायची.

मी विचारलं आणि थांबले.

"मॅडम, रुक क्यों गईं? रेकॉर्डिंग चालू है."

मी हातानेच त्याला गप्प राहायला सांगितलं. पडद्यावरची रेषा सपाट सरकत होती. मुलांना हत्ती सुचायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ मी ती सरकू दिली.