राहून गेलेली चौथी फेरी

मी एक जुने गणकयंत्र आहे, मित्रांनो. विजेवर चालणारे नव्हे; उजव्या अंगाला दांडा असलेले, हाताने फिरवायचे. ऐन उमेदीची वर्षे मी इमारतींची गणिते करणाऱ्या एका कचेरीत काढली. मला चालवणाऱ्या बाईंना सगळे 'जातेवाल्या बाई' म्हणत. "काय बाई, दळण किती राहिलं?" असे कुणी विचारले की बाई हसत, पण दांडा थांबत नसे.

एकदा एका गोदामाच्या माळ्याचे काम आले. जमीन भुसभुशीत. माळ्याची तुळई कशी वाकेल, हे सांगणारे अवकल समीकरण चौथ्या क्रमाचे होते. एरवी टोकांच्या अटी आधीच ठरलेल्या असतात. इथे टोके किती झुकणार हे सबंध तुळईच्या वाकण्यावर अवलंबून, आणि तुळई किती वाकणार हे टोकांवर! म्हणून अंदाज धरायचा, पूर्ण गणित करायचे, निघालेल्या उत्तरावरून टोके दुरुस्त करायची, की पुन्हा पहिल्यापासून. एका फेरीला चार दिवस लागत. आकडा एका जागी स्थिरावला, तरच उत्तर खरे.

तिसऱ्या फेरीनंतरही वाकण्याचा आकडा वाढतच होता. बाई कचेरीच्या साहेबांकडे गेल्या.

"साहेब, उत्तर अजून बसत नाहीये. चौथी फेरी करावी लागेल."

"तीन झाल्या ना? मग झालं की! नकाशे आजच जायचेत. करा सही."

परत येऊन बाईंनी माझ्या दांड्यावर हात ठेवला, मग काढून घेतला. सही केली.

माळा सात महिने टिकला. एका दुपारी पोत्यांसकट खाली आला. खाली पाच हमाल जेवायला बसले होते. एकही वाचला नाही.

चौकशीत साहेब म्हणाले, "यंत्रच जुनं. दाते झिजलेत, आकडे चुकवतं." माझ्यावर 'सदोष' अशी चिठ्ठी डकवली गेली. मला कुठले तोंड, मित्रांनो! पण बाई उभ्या राहिल्या.

"यंत्र बरोबर होतं. उत्तर निघालंच नव्हतं. तरी निघालं असं दाखवून सही मी केली."

साहेबांची बदली झाली. बाईंची नोकरी गेली. त्या मला पुन्हा दिसल्या नाहीत. मी अडगळीत पडून आहे. दांडा गंजून घट्ट बसला आहे.

मला पुसा, तेल घाला, असे मी म्हणणार नाही. एवढेच मागते: अर्धवट गणिताखाली कधी माणसे बसवू नका.