ब्रेक झाला की कळवा

लेकीच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलंय, हे मिस्त्रींना ब्रेकचा लिव्हर दाबताना पुन्हा आठवलं. लिव्हर कालच्यासारखाच मऊ लागला आणि सरळ मुठीला जाऊन टेकला. त्यांनी हात फडक्याला पुसले आणि कंबर धरून स्टुलावर बसले.

पत्र येऊन तीन महिने झाले होते. लेकीला फिरत्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती आणि आईची मोटारसायकल हवी होती. 'पुढचा ब्रेक अजून आईच्या वेळेसारखाच मऊ असेल. तेवढा नीट करा, बाबा. झाला की कळवा, मी येऊन घेऊन जाईन.'

त्या ब्रेकपायी बायकोने जन्मभर टोमणे मारले होते. जगाच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्याच्या घरची गाडी पाय घासत थांबते, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. मिस्त्री म्हणायचे, रविवारी बघतो. ती गेल्यापासून दोन वर्षं गाडी शेडमध्ये उभी होती. रोज सकाळी ते तिच्यावरून फडकं फिरवत आणि सीटवर हात ठेवून जरा वेळ उभे राहत.

पत्र आल्यापासून मात्र रोज तेच काम चाललं होतं. लिव्हर दाबून धरायचा, चाकावरच्या कॅलिपरचा हवा काढायचा निपल सैल करायचा, ऑइलबरोबर आतली हवा बाहेर जाऊ द्यायची, निपल आवळायचा. नळी नवी, वॉशर नवे, ऑइल तीनदा बदललेलं. तरी लिव्हर मऊच. आणि ब्रेक झाला नाही, म्हणून कळवायलाही काही नव्हतं.

दुपारी बारक्या डोकावला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, स्वतःचं गॅरेज असलेला माणूस. पण मिस्त्रींकडे काम शिकायला आला तेव्हाचं नाव चिकटलं ते चिकटलंच. एवढ्या दिवसांत आम्ही अख्खं इंजिन उतरवून परत बांधतो, अशी त्याने सुरुवात केली. मग उकिडवा बसून त्याने चाकाकडे पाहिलं आणि त्याची थट्टा थांबली. मिस्त्रींनी कॅलिपर सोडवून तारेने टांगला होता. निपलचं तोंड जमिनीकडे होतं.

"उस्ताद, निपल खाली आहे."

"हं."

"हवा वर अडकून राहते. वर्षभर दाबत बसलात तरी निघायची नाही." त्याने मान वर केली. "हे तुम्हीच शिकवलंत मला. पहिल्या आठवड्यात, कानफटात देऊन."

मिस्त्री तारेकडे बघत राहिले.

"वय झालं," ते म्हणाले.

बारक्याने बाह्या सरसावल्या.

"मी करू?"

"नको. तू लिव्हर धर."

त्यांनी तार सोडली, कॅलिपर उलटा केला, निपल वर आणला आणि अर्धा आटा सैल केला. एक मोठा बुडबुडा आला, मागून बारीक बारीक दोन-चार. चौथ्या खेपेला लिव्हर अर्ध्यातच थांबला. बारक्याने जोर लावून पाहिला, तो हलेना.

"काकू म्हणाल्या असत्या, आला एकदाचा रविवार."

मिस्त्री हसले नाहीत. पाना पुसून त्यांनी जागेवर ठेवला.

बारक्या गेल्यावर कॅलिपर चाकावर बसवून झाला. मग त्यांनी कागद घेतला. 'ब्रेक झाला. ये.' कडेला ऑइलचं बोट उमटलं, तरी दुसरा कागद घेतला नाही.

पत्रपेटी उताराच्या टोकाला होती. तिथवर ते गाडीवरून गेले आणि फक्त पुढचा ब्रेक दाबला. गाडी नाक किंचित झुकवून जागच्या जागी उभी राहिली. पाय घासावा लागला नाही.

पत्र आत पडल्याचा आवाज आला. परतताना त्यांनी गाडी सुरू केली नाही. एक हात सीटवर ठेवून ढकलतच नेली, लांबच्या रस्त्याने.