बारक्या नळीचा सूर

"भाता सोडू नगंस! दाब धरून ठीव!" शिवानंद ओरडला.

"अवो, पाय भरून आला माझा!" दानेश्वरी त्याहून मोठ्यानं ओरडली, पण पाय काही भात्यावरून काढला नाही.

कसबा बावड्यातल्या त्यांच्या घरात आता बसायलासुद्धा जागा उरली नव्हती. फौंड्रीत लाकडी साचे घडवण्यात शिवानंदचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर त्यानं मोबाइलवर कुण्या परदेशी म्हाताऱ्यानं घरीच बांधलेला पाइप ऑर्गन, म्हणजे भात्याची हवा नळ्यांत सोडून वाजवायचा बाजा, पाहिला, आणि झालं! सोप्यात लाकडी नळ्यांचं रान उभं राहिलं. थोरली नळी छताला टेकलेली, धाकटी करंगळीएवढी. चांगला दिवाण होता, तोही नळ्यांत खपला. लेक निशिगंधा माहेरपणाला आली, ती स्वयंपाकघरात निजून गेली.

आज घोडं अडलं होतं ते धाकट्या नळीपाशी. शिवानंद तिच्या तोंडाची कड पटाशीनं तासायचा, नळी बसवायचा, पट्टी दाबायचा आणि पुन्हा उपसायचा. तासून तासून आधीच्या दोन वाया गेल्या होत्या.

"हवा जाती, पर सूर न्हाय. लाकूडच बाद हाय."

दानेश्वरीचा संयम सुटला. "वाजतीया की ती! कवाधरनं वाजतीया! कानठळ्या बसल्या माझ्या. आदुगरच्या दोन बी वाजत हुत्या!"

"चेष्टा करू नगंस."

"चेष्टा कशाला करू? तुमालाच ऐकाय…"

पुढचं तिनं गिळलं. पण पोचायचं ते पोचलं होतं.

शिवानंदनं पट्टी दाबली. सुईसारखा सूर घरभर घुमला. त्यानं नळीला एक कान लावला, मग दुसरा. हळूच पटाशी खाली ठेवली. फौंड्रीतल्या घणांनी आणि ग्राइंडरांनी त्याच्या कानांतले बारीक सूर तेवढे नेले होते, ते दोघांना एकदमच कळलं.

दानेश्वरीनं भात्यावरचा पाय हळूच काढला.

"मग ह्याच्या म्होरं तू ऐकायचंस," तो म्हणाला.

"मला काय कळतंय सुरातलं?"

"भजनाला बसतीस न्हवं? तेवढं बास झालं."

"आन भाता?"

"मी हाय की."

"जन्माचा ताप हाय नुसता," पुटपुटत ती पट्ट्यांपुढच्या स्टुलावर बसली. तिनं पट्टी दाबली. शिवानंद भात्यावर पाय मारू लागला. नळीकडं न बघता, तिच्या चेहऱ्याकडं बघत.