कुठेही बसून होणारं काम

चंपतराव गावंडे यांच्या नोकरीला ऑफिस नव्हतं. कंपनी कोइमतूरची, पाण्याचे पंप बनवणारी. आणि चंपतराव हे तिचे विदर्भातले एकुलते एक माणूस. काटोल-नरखेडच्या संत्राबागांतून पंप विकायचे, बिघडले तर मिस्त्री धाडायचा आणि दर शनिवारी रिपोर्ट लिहून पोस्टात टाकायचा. रिपोर्ट लिहायची जागा म्हणजे नागपुरात महालातल्या दोन भाड्याच्या खोल्या, आणि त्यातलं बायकोचं, कौशल्याबाईंचं, शिवणयंत्र. बाई ब्लाउज शिवायला बसल्या की कंपनीचं विदर्भातलं कामकाज बंद.

अकरा वर्षं हे सुरळीत चाललं. मग १९७६ साली घरमालक नत्थूजींनी मुलाचं लग्न काढलं आणि खोल्या खाली करायचा हुकूम कोर्टकचेरी करून आणला. मुदत एकतीस मार्च.

"चंपतराव, तुमी मानूस म्हनजे देव," नत्थूजी म्हणाले. "पन देवानं आता दुसरं देऊळ पाहावं."

नागपुरात देऊळ परवडणारं नव्हतं. पण नरखेड ओलांडलं की पांढुर्णा, आणि पांढुर्ण्याला एक रिटायर पोस्टमास्तर अठरा हजारांत घर विकत होते. मधे मध्यप्रदेशची हद्द लागते, एवढाच काय तो फरक. बागा उलट जवळच पडणार होत्या. चंपतरावांनी बायकोच्या पाटल्या मोडून तीन हजार इसार दिला. उरलेले एकतीस मार्चच्या आत द्यायचे, नाहीतर इसार बुडाला. म्हणजे एकाच दिवशी जुनं घर जाणार, नवं घर जाणार आणि पाटल्या तर गेल्याच होत्या.

कर्जासाठी ते नागपूरच्या बँकेत गेले. घर मध्यप्रदेशात आहे, तिकडच्या बँकेत जा, असं तिने सांगितलं. तिकडच्या बँकेचे मॅनेजर ओमप्रकाशजी यांनी पाणी पाजलं आणि विचारलं, "आप काम कहाँ करते हैं?"

"कोइमतूरच्या कंपनीत."

"वो ठीक है. बैठते कहाँ हैं?"

"घरीच बसतो, साहेब."

ओमप्रकाशजींनी हळहळून पाहिलं. "घर में तो बेरोजगार बैठते हैं, भाईसाब."

तरी माणूस चांगला. पांढुर्ण्यात राहून ही नोकरी चालते, असं कंपनीनं शिक्क्यानिशी लिहून दिलं तर कर्ज देतो, म्हणाले. बाकी कागद पुरे झालेच होते.

चंपतराव शिवणयंत्राशी बसले. ऑर्डर टपालानं येते, मिस्त्रीला निरोप टपालानं जातो, पगार टपालानं मिळतो, मग नागपूर हवंच कशाला, हे त्यांनी चार पानांत सिद्ध केलं. शेवटी लिहिलं, 'हे काम माणूस कुठेही बसून करू शकतो,' आणि खाली रेघ मारली.

"एवढं काहून लिहून राहिले?" कौशल्याबाई म्हणाल्या. "दोन ओळी लिहा अन् मागा न."

"कंपनीले पटलं पाहिजे, वं."

कंपनीला पटलं.

पंचवीस मार्चला पाकीट आलं. आत दोन कागद. पहिलं सर्टिफिकेट, गोल शिक्क्याचं, मागितलं तसं. दुसऱ्यात डायरेक्टरसाहेबांनी कळवलं होतं की चार पानं वाचून बोर्ड प्रभावित झालं. काम खरोखरच कुठेही बसून होण्यासारखं आहे. सबब एक एप्रिलपासून ते इंदूरचा माणूस इंदुरात बसून करील. आपली सेवा एकतीस मार्चला संपते. मौल्यवान सूचनेबद्दल आभार.

"काय म्हनते कंपनी?"

"आभार मानून राहिली," चंपतराव म्हणाले आणि खाटेवर बसले ते दिवेलागणीपर्यंत उठले नाहीत. मग इंग्रजीतली एकेक ओळ मराठीत करून बाईंना सांगितली. सांगताना दोनदा थांबावं लागलं.

कौशल्याबाईंनी शिक्क्याचा कागद उचलून पाहिला. मग म्हणाल्या, "पैला कागद खोटा आहे का?"

"नाही. एकतीसपर्यंत खरा आहे."

"अन् आज तारीख किती?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं चंपतराव पांढुर्ण्याला गेले. ओमप्रकाशजींनी सर्टिफिकेट उजेडात धरलं. शिक्का गोल होता. "नौकरी पक्की है ना?"

चंपतरावांनी शिक्क्याकडे बोट दाखवलं. "कागदावर आहे, साहेब."

"बस. हम कागज ही देखते हैं."

चौदा ठिकाणी सह्या झाल्या. मुदत पंधरा वर्षं, हप्ता महिना एकशे ऐंशी. चौदाव्या सहीत 'गावंडे' ओळखू येत नव्हतं, पण ओमप्रकाशजींनी मनावर घेतलं नाही. एकतीसला सकाळी पोस्टमास्तरांच्या नावाचा चेक मिळेल, म्हणाले. "और हाँ, किस्त पगार से काटने के लिए आपकी कंपनी को चिट्ठी भी तैयार है. आज की डाक में जाएगी."

"द्या मी टाकतो," चंपतराव पटकन म्हणाले. "पोस्ट माझ्या वाटेवरच आहे."

पोस्टात ते पाकीट हातात धरून उभे राहिले. फाडायला फार वेळ लागला नसता. पण अकरा वर्षांत त्यांनी एकही टपाल बुडवलं नव्हतं, आणि एका दिवसात बँकेशी एक खोटं पुरे होतं. खिडकीवरच्या बाबूंना त्यांनी विचारलं, "कोइमतूरले किती दिवस लागते?"

"साध्या टपालानं पाच. घाई असंल तर तार करा."

चंपतरावांनी बोटांवर मोजलं. सव्वीस अन् पाच, एकतीस; चेकच्याच दिवशी चिठ्ठी कंपनीच्या हातात, अन् कंपनीची उलट तार बँकेत. मग खिडकीत वाकून, आवाज खाली आणून म्हणाले, "याहून हळू जाईल असं काही असते का, भाऊ?"